नकाशा झाला, कॅम्पेन अडलं लढाईच्या तारखेपाशी

टेबलावर छोट्या सैनिकांच्या फौजा लढवायच्या वॉरगेमचं, सहा खेळाडूंचं, दहा टर्नचं (फेऱ्यांचं) कॅम्पेन आखलं. यात फौजा नकाशावर हलतात आणि गाठ पडली की ती लढाई टेबलावर खेळायची. तिसऱ्या टर्नला हे कॅम्पेन पाच आठवडे जागचं हललं नाही. दोघांची एक लढाई ठरेना, एवढंच कारण. कॅम्पेनचे जे नियम चाळले त्यांत उत्पन्न, वेढा, हिवाळा यांवर पानंच्या पानं होती, पण न खेळलेल्या लढाईचं काय करायचं यावर जेमतेम एखादी ओळ.

आधी नकाशा. पहिला १५ × १० हेक्सचा, म्हणजे षटकोनी घरांचा, केला होता. फौज एका टर्नला एक हेक्स चालते, रस्त्यावर दोन. एवढ्या पसाऱ्यात कितीतरी टर्न कुणाची कुणाशी गाठच पडली नसती. तो रद्द करून ९ × ६ म्हणजे ५४ हेक्स ठेवले, माणशी नऊ. राजधान्या ०२०२, ०२०५, ०५०२, ०५०५, ०८०२ आणि ०८०५ वर. पहिले दोन आकडे स्तंभाचे, पुढचे दोन ओळीचे. शेजारच्या दोन राजधान्यांत तीन हेक्सचं अंतर पडतं, त्यामुळे दुसऱ्याच टर्नला फौजा भिडू शकतात. मधल्या दोघांना तीन शेजारी आणि कोपऱ्यातल्यांना दोनच, म्हणून मधल्या दोन राजधान्यांना तटबंदी फुकट दिली. ए-थ्री कागदावर छापून सनबोर्डवर चिकटवला, फौजांसाठी रंगीत टाचण्या. प्रत्येकाला १५०० पॉइंट्सच्या दोन फौजा (पॉइंट्स म्हणजे फौजेच्या ताकदीचं माप), एका फौजेची कमाल मर्यादा २०००.

सगळ्यांचे आदेश रविवारी रात्री नऊपर्यंत पंचाकडे यायचे आणि एकदमच उघडायचे. 'उत्तरेच्या जंगलात जातो' असा आदेश घेऊच नका, हेक्सचा आकडा मागा. आदेश आला नाही तर फौज आहे तिथेच थांबते. समोरासमोरच्या दोन फौजा एकमेकींच्या जागी निघाल्या तर काय, हेही आधीच ठरवा. १९५९ च्या डिप्लोमसी या बोर्डगेममध्ये जमिनीवरून अशी अदलाबदल होतच नाही, दोघे जागीच राहतात. आपल्याला तर लढाईच हवी असते, म्हणून मी ती दोन हेक्सच्या सीमेवर लावली.

आता ती अडलेली लढाई. तिसऱ्या टर्नला पाच लढाया जुळल्या, चार दहा दिवसांत खेळून झाल्या. पाचवीत एकाकडे २००० पॉइंट्स आणि दुसऱ्याकडे ११००. चार तास टेबलापाशी उभं राहून मार खायला कोण येईल? 'पुढच्या रविवारी बघू' असं तीनदा झालं. सगळे निकाल आल्याशिवाय पुढचा टर्न नाही, हा नियम माझाच होता आणि तोच मुळात चुकला होता. एका हेक्सपायी बाकीचे चौघे ताटकळत बसले, आणि ज्यांचा उत्साह सर्वांत जास्त होता तेच आधी थंडावले. याची चीड अजून जात नाही.

मग नियम बदलले. जुळलेली लढाई नकाशाला अडवत नाही. त्या हेक्सवर लाल टाचणी लागते, आतल्या दोन्ही फौजा गुंतलेल्या धरायच्या, त्यांना कुमक नाही आणि तिथून कुणाला वाटही नाही. बाकी नकाशा पुढे चालतो. चौदा दिवसांत लढाई झाली नाही तर दोघांनी दोन-दोन फासे टाकायचे. प्रत्येक पूर्ण २५० पॉइंट्सच्या आघाडीला +१, तटबंदीत असलेल्याला +१. हरणाऱ्याची ४० टक्के फौज जाते, जिंकणाऱ्याची २० टक्के. बरोबरी झाली तर दोघांची २० टक्के. टेबलावर खेळलात तर पडलेल्या तुकड्यांपैकी निम्म्या परत मिळतात, त्यामुळे फासे दोघांनाही महाग पडतात. महाग पडलेच पाहिजेत.

एवढ्याने भागत नाही. ज्याला टेबलावर हार दिसते तो मुद्दाम तारीख टाळून फाशांची वाट बघतो. म्हणून ज्याने पहिल्या आठवड्यात तीन तारखा दिल्या त्याला +२. दोघांनी दिल्या तर कुणालाच नाही. बाकी सगळं समान असताना दोन फाशांवर जिंकण्याची शक्यता ४४ टक्के असते, +२ ने ती ६६ टक्क्यांवर जाते. त्यानंतर तारखा भराभर यायला लागल्या!

आणि दुबळ्या फौजेला मानाची वाट ठेवा. समोरच्याच्या ६० टक्क्यांहून कमी पॉइंट्स असतील तर लढाईआधी १० टक्के फौज गमावून एक हेक्स मागे हटता येतं. नाहीतर टेबलावरची लढाई फक्त चार टर्नची, आणि शेवटी मधलं ठाणं हातात राहिलं तर दुबळा जिंकला. ११०० पॉइंट्सवाल्याने हाच दुसरा पर्याय घेतला आणि दुसऱ्याच दिवशी तारीख कळवली.

उत्पन्नाचं राहिलंच: राजधानी २००, शहर १००, गाव ५० पॉइंट्स. २००० ची मर्यादा काढू नका, नाहीतर चौथ्या टर्नपर्यंत एकच जण सगळ्यांना पुरून उरतो. लाल टाचणीला कागदाची चिठ्ठी लावून तिच्यावर चौदावा दिवस लिहा. आमच्याकडे त्यानंतर दोनच लढाया फाशांवर गेल्या.