‘चालेल’ म्हणणारा पेशंट

मनोविश्लेषणाची आठवड्याला तीन सेशन्स, ५० मिनिटांची, दुसरं वर्ष. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) वेळ बदलली, ‘चालेल’. फी वाढवली, ‘चालेल’. थोरल्या भावाने न विचारता गावची जमीन विकली, तेव्हाही तेच. या ‘चालेल’चा त्याला त्रास नव्हताच, तो त्याला स्वतःचा चांगुलपणा वाटे. लक्षण आणि स्वभावातला बचाव यांत फरक पडतो तो इथे. सारखे हात धुणं पेशंटलाच नकोसं असतं, म्हणून तो आपल्या, म्हणजे डॉक्टरच्या, बाजूने उभा राहतो. स्वभावावर बोट ठेवलं की घाव त्याच्यावरच बसतो.

त्या सोमवारी, पुढच्या आठवड्यातली दोन सेशन्स रद्द करतोय, असं मी सांगितलं. ‘चालेल.’ मग जमिनीचा विषय निघाला आणि ४३व्या मिनिटाला मी म्हणालो, “तुमचं ‘चालेल’ म्हणजे गिळलेला राग आहे.” तो हसला. “अगदी बरोबर, डॉक्टर.” माझं वाक्यही त्याने ‘चालेल’च्याच खात्यात जमा केलं. बुधवारी पहिल्यांदाच उशिरा आला, १२ मिनिटं.

वागणं न दाखवता मी थेट अर्थ सांगून मोकळा झालो होतो, तोही प्रतिक्रियेला वेळ न ठेवता. असं काही काढायचं तर पहिल्या २० मिनिटांत. स्वभावाचा विशेष पेशंटला लक्षणासारखा खुपेपर्यंत दाखवत राहा, असं मनोविश्लेषक विल्हेल्म राइश यांनी १९३३ साली मांडलं. खरं आहे, पण स्वभावाचं हे चिलखत कशासाठी चढवलं हे न विचारता ठोकत राहिलं, तर ते जाड होतं. नुसती समजूत दाखवली तर वर्षंच्या वर्षं गोडीगुलाबीत जातात, तेही पाहिलंय.

बुधवारी उशिराचा विषय काढला नाही. विचारलं, “लहानपणी ‘नाही चालणार’ म्हटलं तर घरी काय व्हायचं?” वडील पंधरा-पंधरा दिवस अबोला धरत. “म्हणजे ‘चालेल’वर घर चालत होतं.” त्याने सोडलेला श्वास कोचामागे बसून ऐकू आला. दुसरं वाक्य त्यानंतरच, आणि त्यात फक्त कानांनी ऐकलेलं: “सोमवारी मी सेशन्स रद्द केली, तेव्हा तुमचा आवाज एकदम खाली गेला.” ‘राग’ हा शब्द मुद्दाम टाळला.

चार मिनिटं शांतता. मग आवाज चढला, “मी चुकवलं की फी लावता. तुम्ही चुकवलंत की?”

फीचा नियम समजावून सांगायला जीभ शिवशिवत होती. सांगितला असता, तर उत्तर आलं असतं, ‘चालेल’.