लसणाचे डोळे

माद्रिदला लेकीकडे दोन महिने राहायला जायचं ठरलं, तेव्हा तिनं मला स्पॅनिशच्या 50 शब्दांची यादी पाठवली. ‘आई, एवढे पाठ कर, म्हणजे तू एकटी जाऊन भाजी आणशील.’ माझ्या भाषाज्ञानाची काळजी नव्हती तिला, पिशवी कोण उचलणार याची होती.

यादीतला पहिलाच शब्द ‘ओला’. नमस्कार म्हणा, काय कसं काय म्हणा, सगळ्याला हाच. लिहिताना आधी एक एच असतो, तो उच्चारायचा नाही. आणि लिहितानाच गाळला तर त्याच उच्चाराचा वेगळा शब्द होतो, अर्थ लाट. मराठीतून ऐका नाहीतर स्पॅनिशमधून, प्रकरण ओलंच. हा शब्द मी एकदाही विसरले नाही.

अडले ती पुढे. परकी भाषा दिसली की माझा हात आपोआप इंग्रजीकडे जातो, शाळेतली खोड. ‘मे गुस्ता एल काफे’ समोर मी वहीत ‘आय लाइक कॉफी’ असं लिहिलं आणि चार दिवस त्या वाक्यात स्वतःला शोधत बसले. मी कुठेय यात? शेवटी एका सकाळी कप हातात घेऊन सहज बोलून गेले, ‘मला कॉफी आवडते,’ आणि कप खाली ठेवला. अहो, हेच की ते! ‘मे’ म्हणजे मला. आवडते ती कॉफी. आंबे असतील तर आपण ‘आवडतात’ म्हणतो, तसे तेही ‘गुस्ता’चं ‘गुस्तान’ करतात. उगाच साहेबाच्या घराला वळसा घालून गेले होते. त्या दिवशी वहीतलं बरंचसं इंग्रजी खोडलं.

मग घरातलीच माणसं भेटत गेली. त्यांचं ‘तू’ म्हणजे आपलंच तू, त सुद्धा आपला, दातांवरचा. मान द्यायचा तर ‘उस्तेद’. ‘वुएस्त्रा मेर्सेद’, म्हणजे ‘आपली कृपा’ अशा थाटाचं जुनं संबोधन बोलून बोलून झिजलं, त्याचं हे झालं. लेक म्हणाली, ‘इथे दुकानात सगळे तू-तूच करतात गं.’ करोत. पांढऱ्या मिशांच्या माणसाला पहिल्या भेटीत ‘तू’ म्हणायला माझी जीभ वळेना.

किराणा दुकानात गल्ल्यावरची मुलगी काहीतरी पटपट बोलली, त्यातला ‘पागार’ तेवढा कळला. इतक्या लांब येऊन माझा पगार विचारते की काय! पण तिकडे पागार म्हणजे पैसे देणं, आणि ती विचारत होती, रोख की कार्ड. आपण हा शब्द पोर्तुगीजांकडून उचलला. पोर्तुगीज आणि स्पॅनिश सख्ख्या बहिणी, म्हणून मावशीकडेही तो सापडला. दाराची बिजागरीसुद्धा तशीच, स्पॅनिशमध्ये ‘बिसाग्रा’. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसई घेतली खरी, बिजागऱ्या मात्र जागच्या हलल्या नाहीत.

एवढं सगळं आपलंच म्हटल्यावर मी बाजारात जाऊन खणखणीत आवाजात ‘बटाटा’ मागितला. किलोभर रताळी मिळाली. स्पेनमध्ये बटाटा ‘पताता’. ‘बताता’ म्हणजे रताळं. एकादशी नव्हती, तरी कीस केला.

मंडईत आणखी एक गंमत. गाळ्यासमोर रांग नसतेच, बायका इकडेतिकडे विखरून गप्पा मारत असतात. नवी आलेली नुसतं विचारते, ‘एल उल्तिमो?’ म्हणजे शेवटचं कोण? कुणीतरी बोट वर करतं, की त्या माणसामागे आपला नंबर. पिठाच्या गिरणीत डबा ठेवून आपण विचारतो ना, ‘शेवटचा डबा कुणाचा हो?’, तसं. यादीत हे नव्हतं. असायला हवं होतं, ‘शुभ रात्री’ काढून. भाजीवाल्याला कोण शुभ रात्री म्हणतंय?

माझा नंबर आला. लसूण हवा होता. लसूण म्हणजे ‘आखो’, डोळा म्हणजे ‘ओखो’, आणि दोन्हीतला ख आपल्या खडूतला नव्हे, घशात अडकलेला माशाचा काटा काढतानाचा. त्या काट्याच्या नादात आधीचा स्वर निसटला. ‘दोस ओखोस, पोर फावोर.’ दोन डोळे द्या, कृपा करून.

मिशीवाल्यानं क्षणभर माझ्याकडे पाहिलं, बोटानं स्वतःची खालची पापणी ओढली आणि म्हणाला, ‘ओखो!’ तिकडे ही ‘सांभाळून हं’ सांगायची खूण आहे, हे लेकीनं नंतर सांगितलं. आजूबाजूच्या बायका खो खो हसल्या. मग त्यानं लसणाचा गड्डा उचलून दाखवला, ‘काबेथा’. डोकं. एक पाकळी मोडून धरली, ‘दिएन्ते’. दात. आता मला सांगा, लसणाला डोकं चालतं, दात चालतात, मग डोळ्यांनीच काय घोडं मारलं होतं?

दोन गड्डे पिशवीत पडले, वर त्यानं न विचारता हिरवीगार जुडी खोचली. ‘पेरेखिल,’ म्हणाला. पार्सली. पैसे नाहीत त्याचे, पूर्वी आपल्याकडे भाजीवर कोथिंबिरीच्या चार काड्या मिळायच्या तशी. ‘ग्राथियास,’ मी म्हटलं. मान न वळवता, पुढच्या बाईचे टोमॅटो तोलत तो म्हणाला, ‘दे नादा.’

घरी येऊन वही काढली. ‘दे नादा’समोर माझ्याच अक्षरात ‘यू आर वेलकम’ राहून गेलं होतं. ते खोडलं आणि लिहिलं, ‘अहो, त्यात काय एवढं!’