ओर्विएतोच्या कातळावर पाणी कुठून येतं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. इटलीत रोम-फ्लोरेन्स रेल्वेवर, उंब्रिया प्रांतात ओर्विएतो लागतं. गाडीतून ते दिसलं की प्रश्न ठरलेला: चारही बाजूंनी तुटलेला कडा, वर अख्खं गाव, मग ही माणसं प्यायची काय? सह्याद्रीतले किल्ले पाहिलेला माणूस आधी टाकी शोधतो, त्यामुळे प्रश्न रास्तच आहे. उत्तर मात्र वर नाही, खाली आहे.

गावाखालचा दगड म्हणजे टफ. आज बोल्सेना सरोवर आहे त्या भागातल्या ज्वालामुखींची राख थरावर थर साचून, दबून झालेला. जाडी साधारण 40 ते 60 मीटर, लांबी दीड किलोमीटरच्या आसपास. हा दगड हातातल्या कुदळीनं खोदता येतो आणि तरी भुयाराचं छत तोलून धरतो. त्याखाली वाळू-गोट्यांचा पातळ थर आणि त्याहीखाली जुन्या समुद्रतळाची निळसर चिकणमाती. पावसाचं पाणी टफमधून झिरपतं, चिकणमातीवर येऊन अडतं आणि कड्याच्या पायथ्याशी झऱ्यांच्या रूपानं बाहेर पडतं. म्हणजे पाणी होतं, पण तटाच्या बाहेर. वेढा पडला की तेच पहिलं शत्रूच्या हाती जाणार.

रोमनांच्या आधी इथे राहणाऱ्या एट्रस्कन लोकांनी यावर आडवा नाही, उभा रस्ता काढला. त्यांच्या विहिरी आयताकृती आणि अरुंद, सुमारे 80 बाय 120 सेंटिमीटरच्या. अरुंद ठेवण्यातच शहाणपण होतं: समोरासमोरच्या भिंतींत पाय अडकवायला खोबणी कोरल्या की दोर-शिडी नसतानाही माणूस चढ-उतार करू शकतो. शिवाय पावसाचं पाणी साठवायला गिलावा केलेली टाकी होतीच.

बहुतेक पुरातत्त्वज्ञांच्या मते ओर्विएतो हेच एट्रस्कनांचं वेल्झ्ना शहर. इ.स.पू. 264 मध्ये रोमननी ते जिंकून उद्ध्वस्त केलं आणि उरलेल्या लोकांना बोल्सेनाच्या काठी नेऊन वसवलं. पुढे सहाव्या शतकात पूर्व रोमन साम्राज्याचा सेनापती बेलिसारियस यानं इथल्या, तेव्हा इटलीवर राज्य करणाऱ्या गॉथ लोकांच्या सैन्याला वेढा घातला, तेव्हा चामडी पाण्यात भिजवून खायची पाळी आली, असं त्या काळचा इतिहासकार प्रोकोपियस लिहितो. भिजवायला पाणी होतं, धान्य नव्हतं! कड्यालगतच्या भुयारांत चौकोनी कोनाड्यांच्या रांगा दिसतात, त्या या दृष्टीनं पाहा. ते कबुतरखाने आहेत. खिडकी दरीकडे उघडते. पक्षी बाहेर उडून स्वतःच चरतात, पाणी पितात आणि घरट्यात परततात. मांस घरपोच. अशी लहानमोठी बाराशेवर भुयारं गावाच्या पोटात आहेत.

तेराव्या शतकात आल्फिना पठारावरून नळानं पाणी आणलं गेलं, पण असा नळ तोडायला शत्रूला किती वेळ लागणार? ही भीती पोप सातव्या क्लेमेंटला नीट ठाऊक होती. 1527 मध्ये रोम लुटलं गेलं आणि तो इथे आश्रयाला आला. (इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याचे वकील घटस्फोटाची कागदपत्रं घेऊन 1528 मध्ये त्याला गाठायला इथेच आले.) क्लेमेंटनं वास्तुकार धाकट्या आन्तोनियो दा सांगाल्लोकडून विहीर खोदून घेतली. ती 1537 मध्ये पुरी झाली, तेव्हा क्लेमेंट हयात नव्हता.

हीच सेंट पॅट्रिकची विहीर: खोली 53 मीटर, व्यास 13 मीटर. टफमधला वरचा भाग सरळ कोरलेला; खाली भुसभुशीत थर लागला तिथे विटांचं बांधकाम करावं लागलं. खरी करामत जिन्याची. एकच जिना असता तर पखाली लादून वर येणारी खेचरं आणि रिकामी उतरणारी खेचरं मधेच अडकली असती. म्हणून एकमेकांवर गुंफलेले दोन चक्री जिने केले, प्रत्येकी 248 पायऱ्यांचे, दारं वेगवेगळी. एकानं उतरायचं, तळाशी छोटा पूल ओलांडायचा, दुसऱ्यानं चढायचं. मधल्या पोकळीकडे उघडणाऱ्या 70 खिडक्यांतून उजेड येतो. पायऱ्या रुंद आणि ठेंगण्या आहेत, कारण त्या खेचरांच्या पायांसाठी बेतलेल्या.

आता उलटी बाजू. ज्या चिकणमातीनं पाणी अडवून धरलं, तीच भिजली की सरकते. पायथा सरकला की वरच्या टफला उभ्या भेगा पडतात आणि कड्याचा तुकडा सुटतो. गळक्या गटारांनी आणि नळांनी यात भर घातली. कडा सावरण्यासाठी 1978 मध्ये इटलीनं खास कायदाच केला. मग गटारं बदलली, कड्यात पोलादी सळया ठोकल्या, पाण्याला निचरे काढून दिले. हे न झाल्यास काय होतं ते जवळच्या चिविता दी बान्योरेज्योत दिसतं. दगड-मातीची रचना तशीच. 1695 च्या भूकंपानंतर कडे ढासळत गेले आणि आज गावात जायला फक्त पादचारी पूल उरला आहे.

जाणार असाल तर स्टेशनासमोरून केबल रेल्वे घ्या. ती 1888 ची, तेव्हा पाण्याच्या वजनावर चालायची; 1990 पासून विजेवर. वरच्या थांब्यापासून विहीर अगदी जवळ आहे. तिथे आधी जा, गुडघे ताजे असताना. पायऱ्या ओलसर असतात, चपला नकोत. कॅथेड्रलचा पट्टेरी दगड टफ नव्हे, बेसाल्ट आणि ट्रॅव्हर्टाइन (फिकट चुनखडी दगड). थर प्रत्यक्ष पाहायचे तर कड्याखालून गावाला वळसा घालणारी पायवाट धरा. टफ संपून माती सुरू होते तिथे ओल दिसते का बघा.