हात बघून ड्रायव्हर

डिस्क गोल्फ म्हणजे फ्रिस्बीसारखी थाळी, म्हणजे डिस्क, फेकत फेकत लक्ष्यापर्यंत न्यायचा खेळ; त्यातली लांब फेकायची डिस्क म्हणजे ड्रायव्हर. बहुतेक ड्रायव्हरवर चार आकडे छापलेले असतात. स्पीड (किती जोराने फेकावी लागते), ग्लाइड (किती तरंगते), टर्न (उजव्या हाताच्या बॅकहँडला, वेगात असताना किती उजवीकडे झुकते; उणे जितकं जास्त तितकं झुकणं जास्त) आणि फेड (वेग उतरल्यावर किती डावीकडे वळते). लग्नाची पत्रिका बघावी इतक्या गांभीर्याने लोक ते वाचतात, आणि पत्रिकेतली पंचाईत इथेही आहेच: समोरचं स्थळ कसं आहे हे न बघता नुसते गुण मोजून काही उपयोग नाही. इथे स्थळ म्हणजे फेकणाऱ्याचा हात.

नव्या खेळाडूची नजर हमखास डिस्ट्रॉयरवर जाते. इनोव्हा या डिस्क बनवणाऱ्या कंपनीचा हा ड्रायव्हर म्हणजे १२, ५, उणे १, ३. नाव दणदणीत, कड पातळ, हातात घेतला की आपण कोणीतरी आहोत असं वाटतं. पण त्या १२चा अर्थ डिस्क आपोआप सुसाट जाईल असा नाही. तेवढ्या जोराने सोडली तरच पुढचे तीन आकडे खरे ठरतात. हात बेताचा असेल तर उजव्या हाताने बॅकहँड मारलेला डिस्ट्रॉयर टर्नचं नावही काढत नाही. सुटल्या सुटल्या डावीकडे कलतो आणि मुरमात कड रुतवून बसतो. त्याच हाताने लेपर्ड हा कमी स्पीडचा ड्रायव्हर फेकून बघा. स्पीड ६, टर्न उणे २, फेड १. आधी किंचित उजवीकडे झुकतो, मग सावरतो, आणि शेवटी जेमतेम डावीकडे येत डिस्ट्रॉयरच्या पुढे जाऊन उतरतो. कमी स्पीडची डिस्क लांब गेलेली पाहून माणसं गप्प होतात, पण पुढच्या वेळी पुन्हा डिस्ट्रॉयरच काढतात. याला माझ्याकडे औषध नाही.

आमच्या मैदानात साखळ्यांची टोपली वगैरे काही नाही. कडुनिंबाचं खोड हेच लक्ष्य. त्यात कमीपणा मानायचं कारण नाही; डिस्क गोल्फचा जनक मानल्या जाणाऱ्या एड हेड्रिकने १९७५ साली कॅलिफोर्नियात ओक ग्रोव्हचं मैदान आखलं तेव्हा तिथेही आधी नुसते खांबच होते, टोपली नंतर आली. फिरायला येणाऱ्या एका काकांना मात्र आमची बॅग खटकते.

"काऊन बे, फेकाले एक थाळी पुरत नाही का तुमाले?"

"काका, हवा रोज एकाच बाजूनं येते का?"

उत्तर उर्मट वाटलं तरी खरं होतं. वारा समोरून असला की डिस्कला स्वतःच्या वेगापेक्षा जास्त वेग जाणवतो, आणि एरवी शहाण्यासारखा वागणारा लेपर्ड उजवीकडे उलटून थेट क्रिकेटवाल्या पोरांच्या पिचवर जातो. तिथे फायरबर्ड पाहिजे: ९, ३, ०, ४. हट्टी डिस्क. वाऱ्याने कितीही ढकललं तरी शेवटी डावीकडे येणारच, त्यामुळे नेमका भरवसा ठेवता येतो. वारा पाठीमागून असला की सगळं उलट. डिस्कला वेग कमी जाणवतो, उचल मिळत नाही, फेड लवकर सुरू होतो. तेव्हा फायरबर्ड काढणं म्हणजे स्वतःच्या पायाशी डिस्क टाकणं.

आणि नागपूरचा उन्हाळा आहेच. डिसेंबरच्या सकाळच्या मानाने मे महिन्यातल्या पंचेचाळीस अंशांची हवा दहा-एक टक्क्यांनी विरळ असते. भर दुपारी कोण खेळतंय म्हणा, लू लागून पडायचं का? पण संध्याकाळी सहालाही जमीन भाजत असते, आणि थंडीत सरळ जाणारा टीबर्ड नावाचा ड्रायव्हर तेव्हा जरा लवकरच डावीकडे वळतो. म्हणून उन्हाळ्यात मी एक पायरी नरम, म्हणजे डावीकडे कमी ओढणारी डिस्क घेतो. तोंडाला बांधलेला दुपट्टा घाम पुसायलाही कामी येतो. ओल्या बोटांतून ड्रायव्हरची पातळ कड कशी निसटते ते आधी कडुनिंबाला कळतं, मग आपल्याला.

पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल कडेखाली थापून बसतो. तो नखाने खरवडल्याशिवाय फेकू नये, एवढंच.

प्लॅस्टिकबद्दल मात्र दुकानदाराचं ऐकू नका. महागडं प्लॅस्टिक टिकतं, हे कबूल. पण स्वस्त प्लॅस्टिकचा लेपर्ड मुरमावर घासून घासून बदलत जातो: कडेवर बारीक ओरखडे, एका बाजूला दातासारखी खाच, छापलेले आकडे अर्धे पुसलेले. तसतसा त्याचा टर्न वाढतो आणि फेड जवळपास उरतच नाही. पाठीमागून वारा असला, किंवा कडुनिंबाच्या डाव्या बाजूने काढून उजवीकडे न्यायचा असला, की नवी कोरी डिस्क ते करत नाही, हा करतो. म्हणून माझ्याकडे दोन लेपर्ड असतात. नवा कोणीही मागावा, लगेच देतो. घासलेला देत नाही. तो हरवला तर तसा दुसरा कोणत्या दुकानात मिळणार?