इकडे आड, तिकडे विहीर

मागच्या आठवड्यात ऑफिसातल्या टीम लीडकडे सुट्टी मागताना माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, आय ॲम बिटवीन अ रॉक अँड अ हार्ड प्लेस, म्हणजे एकीकडे खडक, दुसरीकडे कठीण जागा, अशी मी मधे अडकलेय. तो अमेरिकेत बसतो, त्याला लगेच कळलं, दोन दिवस मिळाले. पण फोन ठेवल्यावर वाटत राहिलं की मला जे सांगायचं होतं ते हे नाहीच.

झालंय असं की आई सदाशिव पेठेतल्या वाड्यात राहते, भाड्याने, लग्न होऊन आली ती त्याच दोन खोल्यांत आणि त्याला आता ५० वर्षं होतील. यंदा पावसाळ्याच्या तोंडावर नोटीस लागली, वाडा धोकादायक, रिकामा करा. खोटं नाहीये ते. मागची भिंत फुगलीय, जिन्याच्या तुळईला वाळवी आहे, रात्री जोराचा पाऊस लागला की इकडे कोथरूडमध्ये माझी झोप उडते. पण शेजारचे काका म्हणतात एकदा कुलूप लावून बाहेर पडलात की खोली गेली म्हणून समजा, मग वाडा पडणार कधी, नवी बिल्डिंग होणार कधी आणि त्यात आपल्याला जागा देणार कोण. आई काही म्हणत नाही, फक्त म्हणते, इकडे आड तिकडे विहीर झालंय गं.

म्हणून त्या इंग्रजी वाक्याचं शोधून पाहिलं. १९२१ मध्ये अमेरिकेतल्या बोलीभाषांच्या एका नियतकालिकात ते नोंदवलंय, ॲरिझोनातलं म्हणून, आणि तिथे अर्थ दिलाय दिवाळं निघणं! काहीजण ते तिथल्या बिस्बीच्या तांब्याच्या खाणींशी जोडतात, जिथे १९१७ च्या जुलैमध्ये संपावरच्या हजाराहून जास्त लोकांना गुरांच्या रेल्वेडब्यांत कोंबून न्यू मेक्सिकोत नेऊन सोडलं होतं. म्हणजे एकीकडे खाणीतला दगड, दुसरीकडे उपासमार. वाचून पोटात कालवलं. तरी त्यात दोन्हीकडे नुसतं कठीणच आहे.

त्यापेक्षा इंग्रजीतलंच दुसरं, बिटवीन द डेव्हिल अँड द डीप सी, सैतान आणि खोल समुद्र वालं मला जवळचं वाटलं. १६३७ मध्ये छापलेल्या आठवणींत रॉबर्ट मन्रो नावाच्या स्कॉटिश सैनिकाने ते वापरलंय, समोर शत्रू होताच आणि मागून आपल्याच बाजूच्या तोफांचे गोळे अलीकडे पडत होते. आपल्याच!

आमच्या वाड्यात खरोखरचा आड आहे. मागच्या चौकात, अरुंद तोंडाचा, आता वरून फरशी टाकलीय आणि आई तिच्यावर धुण्याची बादली ठेवते. लहानपणी मी त्यावर रहाट बघितलाय, नळाला पाणी नसलं की अख्खा वाडा त्यावर चालायचा. आड काय, विहीर काय, दोन्हींवर माणसं जगली आहेत, आणि आपली म्हण म्हणते की पाय घसरला तर त्यातच जाशील. आईला ज्या घराने सांभाळलं त्याचीच आता भीती वाटते, हे दगडात कुठून येणार?

रविवारी वकिलांकडे जायचंय. भाडेपावत्या शोधल्या, बाबांच्या ट्रंकेत सापडल्या, वर्षवार दोऱ्याने बांधलेल्या. खोल्यांची मापं मी आणि भाऊ टेपने घेतली, आई दुसरं टोक धरून उभी होती, म्हणाली, न्हाणीघर पण धर हो त्यात.