मामा, कंस!

भाची सातवीत आहे. आज संध्याकाळी वही घेऊन समोर बसली. क्ष = ४ असताना ३क्ष + २ ची किंमत काढा. तिचं उत्तर ३६! मला आधी कळेचना. मग लक्षात आलं, बाईसाहेबांनी क्ष पुसून तिथे ४ चिकटवला होता. ३४ अधिक २. खरं सांगू, तिला तरी काय बोलणार? ३ आणि क्षच्या मधलं गुणाकाराचं चिन्ह कोणी लिहीतच नाही.

तेवढ्यात वाड्यावर पोदेराचा, म्हणजे उंडो (पाव) विकणाऱ्याचा, पों-पों.

"एक उंडो उ रुपयांना, तर ४उ म्हणजे किती?"
"मामा, उंडो पाच रुपयांना आहे."
"मग पोदेराला ४५ देशील?"

हसत सुटली. "वीस!" आणि पिशवी घेऊन पळाली.

पुढे ऋण संख्या आल्या, आणि तिथे मीच आपटलो. क्ष = −३, क्षचा वर्ग काढायचा, आणि मी घाईत −९ लिहून मोकळा. कंस घालून (−३) × (−३) केलं असतं तर ९ आले असते. "मामा, कंस!" तिने लाल पेनाने माझ्या उत्तरावर भलीमोठी फुली मारली. वहीभर उंड्याचा चुरा.