मेणाच्या ठोकळ्यातली माझी गाठ

आंघोळ करताना उजव्या स्तनाच्या वरच्या भागात, छातीच्या मधल्या हाडाच्या बाजूला, काहीतरी कडक लागलं. दुखत नव्हतं, पण वरची कातडी किंचित आत ओढलेली दिसत होती. वय 42. माझी मावशी स्तनाच्या कर्करोगानेच गेली, त्यामुळे घरात कुणी तो शब्द काढला नाही.

मॅमोग्राफीत गाठ जेमतेम दीड सेंटिमीटरची, पण कडा काटेरी. रिपोर्टवर 'बायरॅड्स 5', म्हणजे कर्करोगाची शक्यता 95 टक्के किंवा त्याहून जास्त. एका ठिकाणी तर बायोप्सीआधीच ऑपरेशनची तारीख दिली, पूर्ण स्तन काढावा लागेल म्हणाले. माझी भावजय नर्स आहे. तिने फोनवर एवढंच सांगितलं, "ताई, बायोप्सीचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय कशावरही सही करायची नाही." तिचे उपकार मी विसरणार नाही.

दुसरीकडे कोअर बायोप्सी झाली, म्हणजे जाड सुईने गाठीचे बारीक तुकडे काढले. पाच दिवसांनी रिपोर्ट आला : ग्रॅन्युलर सेल ट्यूमर असावा, आयएचसी (पेशींतली ठरावीक प्रथिनं रंगाने दाखवणारी तपासणी) करून खात्री करा. नावही कधी ऐकलेलं नव्हतं. आयएचसीसाठी अर्ज करून ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्याव्या लागल्या. ब्लॉक म्हणजे मेणाचा छोटा ठोकळा, त्यात माझ्या गाठीचे दोऱ्यासारखे तुकडे. एप्रिलचं ऊन, मेण वितळेल या भीतीने एसटीत पुण्यापर्यंत ती डबी मी ओल्या रुमालात गुंडाळून मांडीवर धरली होती.

तिथल्या पॅथॉलॉजिस्ट बाईंनी मला मायक्रोस्कोपमधून बघू दिलं. मोठमोठ्या फिक्या गुलाबी पेशी, आत रवा भरल्यासारखे दाणे. हे दाणे म्हणजे पेशीतले लायसोसोम, पेशीतला कचरा पचवणाऱ्या इवल्या पिशव्या. 1926 मध्ये अब्रिकोसॉव्ह या रशियन पॅथॉलॉजिस्टने जिभेवरच्या अशा गाठींचं वर्णन केलं. त्यांना वाटलं, या स्नायूंच्या पेशींतून आल्या, म्हणून नाव पडलं मायोब्लास्टोमा. पुढे कळलं, स्नायूंचा संबंध नाही. मज्जातंतूंभोवती वेष्टण करणाऱ्या श्वान (Schwann) पेशींशी या पेशींचं नातं आहे. माझ्या स्लाइडवर, श्वान पेशींत असणाऱ्या एस-100 या प्रथिनाचा तपकिरी रंग गडद उमटला होता, तो त्याचाच पुरावा. अस्तराच्या पेशींत असणारं सायटोकेरॅटिन हे प्रथिन मात्र निगेटिव्ह, म्हणजे दुधाच्या नळ्यांच्या अस्तरातून ही गाठ आलेली नाही. स्तनात होती, पण स्तनाच्या ग्रंथीची नव्हती! हिला कवच नसतं, पेशी आजूबाजूच्या चरबीत शिरतात, म्हणून फोटोत कडा कर्करोगासारख्या दिसतात. हे ऐकताना मी तिथेच रडले. बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि थांबल्या.

या उगमावरच माझं पुढचं सगळं ठरलं. काखेतल्या लसिकाग्रंथींना (लिम्फ नोड) हात लावायचा नाही, केमो नाही. फक्त गाठ आजूबाजूच्या थोड्या निरोगी भागासकट काढायची, कारण कडेला पेशी राहिल्या तर ती परत येऊ शकते. अशी गाठ कर्करोगाची निघणं फार क्वचित, तरी काढलेला पूर्ण भाग पुन्हा तपासतात. माझ्या कडा स्वच्छ आल्या.

कुणाला अशी वेळ आली तर ब्लॉक मागून घ्या, संकोच करू नका. माझा परत मिळालेला ब्लॉक मी फाइलसोबत कपाटात ठेवलाय, डबीवर तारीख लिहून. पुढची सोनोग्राफी दिवाळीनंतर आहे. भावजय सोबत येणार आहे.